खळ्यावरचा पीसी, लिलावातला टॅब, शेठचा फोन: ॲपची सेटिंग्ज सर्व्हरवर ठेवायची तर कशी?

खळ्यावरचा कोडर (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. मी कांदा-टोमॅटो व्यापाऱ्यांसाठी हिशोबपट्टीचं (शेतकऱ्याला मालाचा हिशोब लिहून देतात ती पट्टी) सॉफ्टवेअर लिहितो. गिऱ्हाईक बहुतेक पिंपळगाव बसवंत आणि लासलगावचं, थोडं चांदवडकडचं. विंडोजवर सी शार्प नि एसक्यूलाइट, अँड्रॉइडवर कोटलिन. पट्ट्यांचा डेटा सर्व्हरवर नीट जातो-येतो, त्याबद्दल काही विचारायचं नाही. अडलंय ते सेटिंग्जपाशी.

एका शेठजींचंच उदाहरण घ्या. खळ्यावर भुईकाट्याच्या खोलीत पीसी, त्याला काट्याची सिरियल वायर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. लिलावात मुनीमजींच्या हातात टॅब, खांद्याला लटकवलेला छोटा ब्लूटूथ प्रिंटर. शेठच्या खिशात फोन. गंगापूर रोडला घरी लॅपटॉप, त्यावर रात्री त्यांची सून दिवसाचा हिशोब जुळवते. चारही ठिकाणी ॲप माझंच, आणि चारही ठिकाणी चार तऱ्हा. भाषा, अंक देवनागरी की इंग्रजी, अक्षरांचा आकार, पट्टीवरचं फर्मचं नाव-पत्ता, हमाली-तोलाईचे दर, टोमॅटोच्या जाळीमागे किती वजन वजा धरायचं, पैसे राउंड करायचे की नाही, काट्याचा कॉम पोर्ट (वायर पीसीला जिथे जोडलीय ती जागा) आणि बॉड रेट (त्या वायरवरचा वेग), प्रिंटर, एसएमएसची की (एसएमएस कंपनीने दिलेला गुप्त पासवर्ड), यादीत कुठले कॉलम दिसावेत... साठ-सत्तर नोंदी सहज होतील.

आत्ताची पद्धत सांगायला लाज वाटावी अशी नाही, पण मिरवावी अशीही नाही. सगळं एका जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरात नाव-किंमत लिहिलेली फाइल) जातं, ती व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि दुसरीकडे ‘इम्पोर्ट’ दाबायचं. शेठना ते जमत नाही. सूनबाईंना जमतं, पण आवडत नाही. शेठचं म्हणणं एकच: “जीमेल कुठंही उघडलं तरी तेच दिसतं ना? मग तुझंच काय घोडं अडलंय?”

माझा विचार असा: तीच जेसन फाइल सर्व्हरवर ठेवायची. लॉगिन झालं की उतरवायची, काही बदललं की चढवायची. पण तीन शंका आहेत. खळ्यावरचं नेट वीज गेली की जातं. दोघांनी एकाच वेळी काही बदललं तर कोणाचं खरं धरायचं? आणि मुनीमजी ॲप अपडेट करत नाहीत म्हणजे नाहीत, त्यामुळे टॅबवर जुनी आवृत्ती नि पीसीवर नवी असं कायम चालू असतं.

फायरबेस (गूगलची तयार क्लाउड सेवा) घेऊ की स्वतःचा सर्व्हर? उन्हाळ कांद्याची आवक जोर धरायच्या आत उरकायचं आहे.

कॉलेज रोडचा फ्लटरवाला

भाऊ, डोकं कशाला लावता? फायरस्टोअरमध्ये, म्हणजे फायरबेसच्या डेटाबेसमध्ये, एक डॉक्युमेंट टाका, विषय संपला. अँड्रॉइडवर ऑफलाइन कॅश आपोआप चालू असते. नेट गेलं तर फोनवर लिहून ठेवतं, आलं की चढवतं. रोज ५०,००० रीड आणि २०,००० राइट फुकट. तुमच्या शेठच्या सेटिंग्जना ते जन्मभर पुरेल.

एकच अडचण येईल. तुमचं विंडोजचं ॲप डॉटनेटमध्ये आहे, तिथे फायरस्टोअरची लायब्ररी सर्व्हरच्या बाजूने वापरायची आहे. अँड्रॉइडसारखी ऑफलाइनची तयार सोय तिथे मिळणार नाही, ती हाताने लिहावी लागेल.

अंबडची जुनी सिसॲडमिन

कोडर भाऊ, सर्व्हर कुठला हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी एक कागद घ्या, त्या साठ-सत्तर नोंदी लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे तिचा मालक कोण ते लिहा. अक्षरांचा आकार माणसाचा. फर्मचं नाव-पत्ता फर्मचा. कॉम पोर्ट त्या मशीनचा, आणि तो दुसऱ्या कोणाच्या काही कामाचा नाही. तुमच्या एका जेसनमध्ये हे तिन्ही मालक एकाच खोलीत कोंबलेत. ती फाइल सर्व्हरवर गेली की मुनीमजींनी टॅबवर ब्लूटूथ प्रिंटर निवडला आणि खळ्यावरचा डॉट मॅट्रिक्स मुका झाला, हे ठरलेलंच.

हे पुस्तकातलं सांगत नाही. मी अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते, तेव्हा आमच्याकडे विंडोजचं रोमिंग प्रोफाइल होतं. कल्पना तुमच्यासारखीच: माणूस कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याचा डेस्कटॉप, त्याची सेटिंग्ज तिथे हजर. लॉगिनला सगळं सर्व्हरवरून उतरायचं, लॉगआउटला परत चढायचं. लोक डेस्कटॉपवर बारशाचे फोटो ठेवायचे, म्हणून पहिल्या शिफ्टला सगळे एकदम आले की लॉगिन होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्याहून वाईट म्हणजे एकच माणूस दोन मशीनवर असला, तर जिथून तो शेवटी बाहेर पडला तिथली रजिस्ट्रीची (विंडोज सेटिंग्ज ठेवतं ती) फाइल अख्खी दुसरीवर बसायची. सकाळी स्टोअरमध्ये केलेला बदल संध्याकाळी ऑफिसमधून लॉगआउट करताना पुसला जायचा. वापरणाऱ्याला वाटायचं कॉम्प्युटर विसरभोळा आहे. विंडोजमध्ये ॲपडेटाखाली रोमिंग आणि लोकल असे दोन वेगळे फोल्डर आहेत ते उगाच नाहीत. माणसाबरोबर फिरायचं ते एका बाजूला, मशीनशी बांधलेलं दुसऱ्या बाजूला.

हा प्रश्न तसा म्हातारा आहे. आयमॅपमुळे (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) मेल कुठूनही वाचता यायला लागली, पण पत्त्यांची वही आणि सेटिंग्ज ज्या-त्या मशीनवरच अडकून राहिली. त्यावर उपाय म्हणून आधी आयएमएसपी नावाचा प्रोटोकॉल आला आणि मग नोव्हेंबर १९९७ मध्ये आरएफसी २२४४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), म्हणजे ॲकॅप. लांब नाव ‘ॲप्लिकेशन कॉन्फिगरेशन ॲक्सेस प्रोटोकॉल’. मलबेरीसारख्या मोजक्या मेल प्रोग्रॅमांनी ते घेतलं, बाकी जग तिकडे फिरकलं नाही. आज ते कोणी बसवू नये. पण त्यातली एक गोष्ट तुम्ही उचला: वारसा. वरच्या थरात जे ठरलंय ते खाली आपोआप लागू, आणि खालच्याने स्वतःचं काही लिहिलं तर तेवढ्यापुरतं त्याचं खरं.

तुमच्यासाठी थर असे: ॲपचे मूळ डिफॉल्ट, त्यावर फर्म, त्यावर माणूस, त्यावर उपकरण. वाचताना उपकरणापासून सुरू करायचं आणि पहिलं जे सापडेल ते घ्यायचं. साठवताना फक्त बदललेलं साठवायचं, डिफॉल्ट कधीच नाही. नाहीतर पुढच्या आवृत्तीत तुम्ही एखादं डिफॉल्ट सुधाराल आणि ते कोणालाच दिसणार नाही, कारण जुनं प्रत्येकाच्या नावाने सर्व्हरवर गोठून बसलेलं असेल.

आणि हमाली-तोलाईचे दर त्या यादीतून बाहेर काढा. ती सेटिंग नाहीच. दर बदलला की जुन्या पट्टीचं काय? शेतकरी दोन महिन्यांनी दुबार पट्टी मागायला आला, तुम्ही प्रिंट दाबली आणि ॲपने आजचा दर लावला, तर बेरीज त्याला मिळालेल्या पैशांशी जुळणार नाही. मग खळ्यावर काय आवाज चढेल ते तुम्हाला मी सांगायला नको. दराला ‘या तारखेपासून लागू’ असा रकाना हवा, आणि पट्टी झाली की त्या दिवशीचा दर पट्टीतच लिहिला गेला पाहिजे. जाळीमागच्या वजनाचंही तेच. ज्याने रुपयाची बेरीज बदलते तो डेटा, मग तो स्क्रीनवर सेटिंगच्या पानात दिसत असला तरी.

खळ्यावरचा कोडर

ताई, दंडवत. रात्री बसून कागद केला. दरांचं वाचल्यावर पहिल्यांदा कोड उघडून बघितलं: दर पट्टीत लिहिला जातो, सुटलो. पण जाळीचं वजा वजन नाही, ते प्रिंटच्या वेळी सेटिंगमधून उचललं जातं. ते आजच हलवतो.

बाकी नोंदी पटापट वाटल्या गेल्या. उपकरणाच्या निघाल्या काटा, प्रिंटर, कागदाची रुंदी, स्क्रीनची चमक. फर्मच्या नाव-पत्ता, राउंडिंग, पट्टीचा नमुना. माणसाच्या भाषा, अंक, अक्षरं. मुनीमजींना देवनागरी अंक हवेत, सूनबाईंना इंग्रजी. आतापर्यंत दोघं एकमेकांचं रोज बदलत होते आणि दोष मला.

अडलं ते कॉलमपाशी. मुनीमजी टॅबवर तीनच कॉलम ठेवतात: शेतकरी, भाव, वाहनाचा नंबर. तेच कधी खळ्यावरच्या पीसीवर बसले की त्यांना दहा हवेत. हे माणसाचं की उपकरणाचं?

आणि दोघांनी एकदम बदललं तर, हा प्रश्न राहिलाच. बदलाची वेळ लिहून नंतरची खरी धरू का?

नाशिकरोड बॅकएंड

वेळेच्या नादी लागू नका. टॅबची बॅटरी पूर्ण उतरून पुन्हा चालू झाली की कधीकधी घड्याळ भलतंच असतं, आणि पीसीच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तो थेट काही वर्षं मागे जातो. अशा घड्याळावर ‘नंतरचं खरं’ ठरवलं तर ज्याचं घड्याळ पुढे तो कायमचा जिंकला.

सर्व्हरने प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यावा. टेबल साधं ठेवा: थर, मालकाचा आयडी, नोंदीचं नाव, किंमत (रुपयांतली नाही, नोंदीत भरलेली व्हॅल्यू), आवृत्ती, कोणी बदललं, कुठून बदललं. उपकरण बदल पाठवताना सांगतं, “माझ्याकडे ७ वी आवृत्ती होती, तीवर हा बदल.” सर्व्हरवर अजून ७ असेल तर घेतो आणि ८ करतो. तिथे आधीच ८ असेल तर नाकारतो. एचटीटीपीत हे तयार आहे: इटॅग म्हणजे आवृत्तीची खूण, इफ-मॅच म्हणजे ‘ती खूण जुळली तरच घे’, आणि नकाराला ४१२ हा कोड. ताईंनी सांगितलेल्या ॲकॅपमध्येही हेच होतं, ‘अनचेंज्डसिन्स’ नावाने, आणि ते पुढे २००६ मध्ये आयमॅपच्या कंडस्टोअर नावाच्या जोडणीत आलं. प्रोटोकॉल गेला, पण ही युक्ती टिकली.

४१२ आला की काय करायचं ते थरावर ठरवा. माणसाची अक्षरं-भाषा असेल तर गुपचूप नवी किंमत आणून तिच्यावर पुन्हा लिहा, कोणाला विचारू नका. फर्मचं असेल तर थांबा आणि दाखवा: “हे आत्ताच लॅपटॉपवरून बदललं गेलंय, तरी बदलायचं?” फर्मच्या नोंदी वर्षातून एखाद-दोनदा बदलतात, तो प्रश्न कोणाला त्रासदायक वाटणार नाही.

नोंदीगणिक ओळ ठेवण्याचं दुसरं कारण म्हणजे तुमचे मुनीमजी. अख्खा जेसन असेल तर जुनं ॲप तो वाचतं, आपल्याला कळतं तेवढं ठेवतं आणि परत लिहिताना नव्या आवृत्तीच्या नोंदी खाऊन टाकतं. वेगळ्या ओळी असल्या की जुनं ॲप अनोळखी ओळीला हातच लावत नाही. फक्त एक पथ्य पाळा: एकदा दिलेल्या नावाचा अर्थ बदलायचा नाही. राउंडिंग आधी हो-नाही होतं आणि आता ‘रुपया, पन्नास पैसे, नाही’ असं तीन प्रकारचं करायचं असेल तर नवं नाव द्या, जुनं तसंच पडू द्या.

कॉलमचं उत्तर: माणूस गुणिले उपकरणाचा प्रकार. ‘मुनीमजी, टॅब’ आणि ‘मुनीमजी, पीसी’. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कीबोर्ड शॉर्टकट प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळे सिंक करता येतात, तोच विचार. पण हा पाचवा थर फक्त कॉलमपुरता ठेवा. सगळ्यालाच लावाल तर पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही की एखादी किंमत कुठून आली.

आणि ॲप उघडताना सर्व्हरची वाट बघू नका, कधीच. आधी स्थानिक एसक्यूलाइटमधली प्रत घेऊन स्क्रीन दाखवा, मग मागून विचारा. काही नवं आलं आणि पट्टी अर्धी भरलेली असेल तर ती जतन होईपर्यंत लागू करू नका. ट्रॅक्टर काट्यावर उभा आहे आणि स्क्रीनची भाषा बदलली, असं व्हायला नको.

दिंडोरीचा द्राक्षवाला

मी कोडर नाही, असली ॲपं वापरणारा. दोन गोष्टी मागतो. कोणी काय बदललं ते दिसू द्या. आमच्या पॅकहाउसमध्ये पेटीचं लेबल बदललं की प्रत्येक जण म्हणतो मी नाही. आणि मजुरी वाटणाऱ्या पोराला फर्मचा पत्ता बदलता येतोच कशाला? कुलूप लावा ना राव.

नाशिकरोड बॅकएंड

द्राक्षवाले काका बरोबर बोलले. फर्मचा थर फक्त शेठ आणि ते सांगतील त्यांनाच लिहिता यावा, बाकीच्यांना वाचता. तपासणी सर्व्हरवर हवी. ॲपमधलं बटण राखाडी करणं म्हणजे कुलूप नाही. जुन्या किमती पुसू नका, वेगळ्या टेबलात ढकला. सेटिंग्ज असतात चिमूटभर. क्रोमच्या प्रत्येक एक्स्टेन्शनला सिंकसाठी साधारण १०० केबी मिळतात, ॲपलच्या आयक्लाउडमधल्या की-व्हॅल्यू साठ्यात ॲपमागे १ एमबी. एवढ्यात मावत नसेल तर तुम्ही सेटिंगच्या नावाखाली दुसरंच काहीतरी साठवताय.

फायरस्टोअर की पोस्टग्रेस (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा डेटाबेस)? पट्ट्यांचा सर्व्हर तुमच्याकडे चालू आहेच. तिथेच एक टेबल वाढवा. दोन ठिकाणी लॉगिन, दोन ठिकाणी बॅकअप, कशाला?

खळ्यावरचा कोडर

पटलं, पोस्टग्रेसमध्येच करतो. फ्लटरवाले भाऊ, राग मानू नका, विंडोजचं घोडं मध्ये आलं.

शेवटचे दोन. एसएमएसची की फर्मच्या थरात टाकू ना? सगळ्या उपकरणांवरून एसएमएस जातात. आणि टॅब हरवला किंवा फुटला तर नव्यावर सगळं आपोआप यावं, त्यासाठी अँड्रॉइडचं स्वतःचं ऑटो बॅकअप चालू आहेच. ते पुरेल का? मग टॅबपुरता सिंक तरी कशाला लिहू?

अंबडची जुनी सिसॲडमिन

की अजिबात नको. सेटिंग चार उपकरणांवर उतरते, म्हणजे की चार उपकरणांवर उतरली, आणि त्यातला एक टॅब लिलावाच्या गर्दीत फिरतोय. की सर्व्हरवरच राहू द्या. ॲपने सर्व्हरला सांगायचं की या पट्टीचा एसएमएस पाठव, आणि सर्व्हरने पाठवायचा. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची एसएमएस-नोंदणीची यंत्रणा) मंजूर करून घ्यावा लागतोच, तोही एकाच जागी राहील. उपकरणावर ठेवावं लागेल ते फक्त लॉगिनचं टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची सर्व्हरने दिलेली खूण. ते अँड्रॉइडवर कीस्टोअरच्या किल्लीने आणि विंडोजवर डीपीएपीआयने (दोन्ही त्या-त्या सिस्टिमच्या गुपित जपायच्या सोयी) बंद करून ठेवा, सेटिंगच्या टेबलात नाही. टॅब गेला की सर्व्हरवरून ते टोकन रद्द करता आलं पाहिजे, आणि तेही शेठना त्यांच्या फोनवरून, रात्री तुम्हाला फोन न करता.

ऑटो बॅकअपचं म्हणाल तर बॅकअप वेगळा आणि सिंक वेगळा. अँड्रॉइड ६ पासून ती सोय आहे, ॲपमागे २५ एमबीपर्यंत. पण तो बॅकअप साधारण दिवसातून एकदा, फोन निवांत पडलेला असताना होतो, आणि परत येतो तो ॲप नव्याने बसवतानाच. टॅबवर दुपारी बदललं आणि पीसीवर संध्याकाळी दिसलं, हे त्याचं काम नाही.

त्यात एक खोड आहे, ती मात्र आत्ताच काढा. उपकरणाचा थर ओळखायला तुम्ही पहिल्यांदा ॲप उघडताच एक आयडी तयार कराल आणि कुठल्यातरी प्रेफरन्सेसच्या फाइलमध्ये ठेवाल. ती फाइल बॅकअपमध्ये जाते. जुना टॅब मुनीमजींच्या मुलाला खेळायला दिला, नव्यावर बॅकअप उतरला, आणि आता दोन टॅब एकाच आयडीने बोलतायत. नव्यावर निवडलेला प्रिंटर जुन्यावर, जुन्यावरचा नव्यावर. हा घोळ शोधायला दिवस जातात, कारण प्रत्येक टॅब एकटा तपासला की ठणठणीत दिसतो. आयडी नो-बॅकअप फोल्डरमध्ये ठेवा; अँड्रॉइड तेवढं बॅकअपमधून वगळतं. नव्या टॅबला नवा आयडी मिळेल. मग ॲपने पहिल्या दिवशी विचारावं, “हा कुठल्या टॅबच्या जागी आलाय?” आणि ‘लिलावाचा टॅब’ निवडला की जुन्याच्या उपकरण-नोंदींची प्रत काढावी, जुना सर्व्हरवर बंद करावा. पीसीचंही बघा. एका हार्ड डिस्कची नक्कल करून तीन मशीन उभी करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

खळ्यावरचा कोडर

आयडी हलवला. आत्तापर्यंत तो प्रेफरन्सेसमध्येच जाणार होता. टोकन रद्द करायचं बटण शेठच्या फोनवर पहिल्या पानावरच देतो, लाल रंगात.

लिलाव बंद असेल त्या दिवशी आधी घरच्या लॅपटॉपवर आणि मुनीमजींच्या टॅबवर चढवतो. काट्याच्या पीसीला हात लावायला शेठ आवक असताना देणार नाहीत, तो त्यानंतर. द्राक्षवाले काका, बदलांची यादी टाकतोय. नाव, उपकरण, वेळ, तिन्ही. वेळ सर्व्हरची.